बर्लिनर मेसे : वसईतील सरावाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, पूर्वसंध्येला, शनिवार ७ जून रोजी, आमच्या चर्चच्या गायनवृंदाने एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पॅर्ट यांची ‘बर्लिनर मेसे’ ही मिस्सा (कॅथलिक उपासनेतील प्रार्थनांची संगीतरचना) तंतुवाद्यवृंदासह गावी, असे आजच्या बैठकीत नक्की झाले. निवडीमागची कारणे येथे लिहून ठेवत आहे, कारण सराव रखडू लागला की ‘हीच रचना का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. गेल्या चाळीसेक वर्षांत गायनवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिल्या गेलेल्या काही धार्मिक रचना आमच्यापुढे होत्या. जॉन रटर यांचे ‘रेक्विएम’ (१९८५) लहान वाद्यसंचातही होऊ शकते, पण त्यातील प्रार्थना मृतांसाठीच्या आहेत आणि आम्हाला सणाची रचना हवी होती. कार्ल जेन्किन्स यांची ‘द आर्म्ड मॅन’ (२०००) मूळ रूपात ब्रास (पितळी फुंकवाद्ये) व तालवाद्यांच्या मोठ्या ताफ्याशिवाय उभी राहत नाही. जेम्स मॅकमिलन यांची ‘सेव्हन लास्ट वर्ड्स फ्रॉम द क्रॉस’ (१९९३) गायनवृंद आणि तंतुवाद्ये यांच्यासाठीच लिहिलेली आहे आणि माझ्या मते ती या काळातील अत्यंत थोर रचना आहे. परंतु ती पाऊण तासाची आहे, गायकांना अनेक उपविभागांत वाटून घेणारी आहे आणि तिची खरी जागा पवित्र आठवड्यात आहे.

‘बर्लिनर मेसे’ सुमारे पंचवीस मिनिटांची आहे. तिला सोप्रानो, अल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे उंच व खालचे) हे चार आवाज आणि तंतुवाद्ये एवढेच लागते, आणि तीत पेन्टेकॉस्टच्या दोन आलेलुया (ईश्वरस्तुतीची पदे) व ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’ (‘ये, पवित्र आत्म्या’) हे त्या सणाचे खास गीत, म्हणजे अनुक्रमगीत, आधीपासूनच आहे. आपल्याकडे व्हायोलिन शिकणारी मुले आहेत, मुंबईहून येऊ शकणारे चेलो आणि व्हिओलावादकही आहेत. ओबो किंवा फ्रेंच हॉर्न वाजवणारा माणूस विरारपासून नायगावपर्यंत शोधत बसावे लागले असते.

२६ जानेवारी २०२५, रविवार

ध्वजवंदनानंतर सभागृहातच गायकांना रचनेची पार्श्वभूमी सांगितली. पॅर्ट यांचा जन्म १९३५ साली एस्टोनियातील पाइदे येथे झाला. १९६८ मध्ये त्यांच्या ‘क्रेडो’ या रचनेतील उघड ख्रिस्तश्रद्धेमुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी जवळजवळ लिहिलेच नाही. ग्रेगोरियन गायन (चर्चचे जुने एकस्वरी लॅटिन गायन) आणि जुने बहुस्वरी संगीत यांचा अभ्यास करत राहिले. १९७६ साली ‘फ्यूर अलिना’ या पियानोवरील छोट्या रचनेतून त्यांची आजची पद्धत पुढे आली. १९८० मध्ये त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला आणि व्हिएन्नामार्गे ते बर्लिनमध्ये स्थिरावले. ही मिस्सा जर्मन कॅथलिकांच्या ९० व्या महासंमेलनासाठी लिहिली गेली आणि २४ मे १९९० रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, सेंट हेडविग कॅथेड्रलमध्ये प्रथम गायली गेली. ते कॅथेड्रल पूर्व बर्लिनमध्ये आहे. भिंत कोसळून सहा महिने झाले होते आणि जर्मनीचे एकीकरण अजून व्हायचे होते. मूळ लेखन आवाज आणि ऑर्गन यांच्यासाठी होते, तंतुवाद्यांची आवृत्ती त्यानंतरची.

पद्धत समजावताना फळ्यावर दोनच ओळी काढल्या. एक आवाज मुख्य स्वराकडे किंवा त्याच्यापासून दूर एकेक पायरीने चालतो. दुसरा आवाज त्याच्या सोबतीने फक्त षड्ज, गंधार आणि पंचम यांवरच उभा राहतो, आणि चालणाऱ्या स्वराला सर्वांत जवळचा किंवा त्याच्या पुढचा असा ठरलेला स्वर घेतो. कोणता घ्यायचा याचा नियम आधीच निश्चित असतो, आणि सुरावट किती पायऱ्या चालेल हे शब्दातील अक्षरे ठरवतात. म्हणजे संगीतकाराने शब्दावर स्वतःची भावना चढवलेली नाही. शब्दाच्या मापाने संगीत बेतले आहे. गायकांपैकी जे गावात अभंग ऐकत वाढले त्यांना हे लगेच पटले, आणि मला ते अपेक्षितच होते.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

कीरीएचा, म्हणजे ‘प्रभू, दया कर’ या प्रार्थनेचा, पहिला सराव. स्वर सर्वांनी लवकर उचलले. सोप्रानोंनी तर दुसऱ्याच वेळी कागद न पाहता गायले. पण चारही आवाज एकत्र आले की काहीतरी गढूळ ऐकू येत होते. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. आमचा वृंद कीबोर्डवर वाढलेला आहे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, त्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). नैसर्गिक शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. कोमल गंधारात फरक उलट्या बाजूने पडतो : कीबोर्डवर ३००, नैसर्गिक ६:५ प्रमाणाने सुमारे ३१६. पंचमात मात्र फक्त २ सेंटचा फरक आहे, तो कोणाच्या कानाला जाणवत नाही. रोमँटिक काळातील दाट संगीतात गंधाराची ही चौदा-सोळा सेंटची तफावत खपून जाते. पॅर्ट यांच्या संगीतात आवाज सतत त्रिस्वरावरच (षड्ज-गंधार-पंचमावरच) टेकलेला असतो, तेथे ती झाकायला काहीही नाही.

कीबोर्ड बंद केला. पुढचे सर्व सराव आधार स्वरावर, पण कीबोर्डशिवाय करायचे ठरवले.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

तानपुरा आणला. वृंदातील एक ज्येष्ठ बास गायक भजनी मंडळातही गातात, त्यांनी घरचा तानपुरा दिला आणि जुळवूनही दिला. या मिस्सेतील क्रेडो (श्रद्धेची कबुली) हा भाग पॅर्ट यांच्याच १९७७ सालच्या ‘सुम्मा’ या रचनेवरून घेतलेला आहे. तेथे तो मायनरमध्ये (कोमल गंधाराचा) होता, येथे तो मेजरमध्ये (शुद्ध गंधाराचा) नेलेला आहे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो नेमका ५:४ चा असतो, आणि घोडीवरच्या जवारीमुळे तो स्पष्ट ऐकू येतो. अल्टोंना एवढेच सांगितले की तो गंधार आधी ऐका आणि मग त्याच्या आत आपला आवाज ठेवा. काही मिनिटांत क्रेडोचा पहिला परिच्छेद स्वच्छ झाला. चौदा सेंट खाली या, असे सांगून हे कधीच साधले नसते.

कीरीए आणि ग्लोरिया (देवाच्या गौरवाचे गीत) मायनरमध्ये असल्यामुळे तेथे हाच तानपुरा अडचणीचा ठरतो, कारण त्याचा शुद्ध गंधार गायकांच्या कोमल गंधाराशी भांडतो. त्या भागांसाठी चेलोच्या दोन मोकळ्या तारांवर षड्ज-पंचम लावून धरणे योग्य ठरेल. चेलो वाजवणारी मुलगी मार्चपासून दर दुसऱ्या रविवारी येणार आहे. तोपर्यंत मोबाइलवर फक्त षड्ज आणि पंचम लावून काम चालवायचे.

२ मार्च २०२५, रविवार

फादरांसोबत बसून दोन गोष्टी ठरवल्या. चर्चमध्ये होणाऱ्या संगीतसभांविषयी रोमने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी मार्गदर्शक पत्र काढले आहे. त्यानुसार चर्चमध्ये सादर होणारे संगीत पवित्र असावे आणि प्रवेश विनामूल्य असावा. त्यामुळे तिकिटे नाहीत. वादकांचा प्रवासखर्च आणि प्रकाशकाकडून भाड्याने घ्यायच्या वाद्यप्रतींचा खर्च देणग्यांतून करायचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. धर्मग्राम परिषदेत काहींनी विचारले की आपली उपासना मराठीत होत असताना लॅटिन मिस्सा कशासाठी. प्रश्न रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजाने लोकभाषेचे दार उघडले, त्याच दस्तऐवजाने पवित्र संगीताचा ठेवा जपण्यास आणि वाढवण्यास सांगितले. या दोन सूचना परस्परविरोधी नाहीत. या भागातील ख्रिस्ती समाजाने मराठी उपासना मनापासून आपलीशी केली आहे आणि तिला या कार्यक्रमामुळे धक्का लागणार नाही. रविवारच्या मिस्सेत आम्ही नेहमीप्रमाणे मराठीच गाऊ. शनिवारच्या संध्याकाळी प्रत्येक भागाआधी त्या प्रार्थनेचे मराठी वाचन होईल, आणि लोकांच्या हाती दोन्ही पाठ असलेली पुस्तिका असेल. वाचन मोठ्या अक्षरांत छापावे, आजी-आजोबा पुढच्या बाकांवर असतात, असे फादरांनी सुचवले.

९ मार्च २०२५, रविवार

उपवासकाळ सुरू झाला. उपासनेत आता ईस्टरपर्यंत आलेलुया नाही, रविवारी ग्लोरियाही नाही. सरावातही आम्ही दोन्ही आलेलुया बाजूला ठेवल्या. असा नियम सरावाला लागू नाही हे सर्वांना ठाऊक आहे, तरी कोणीही वेगळे मत दिले नाही. सांक्तुस (‘पवित्र, पवित्र’) आणि आग्नुस देई (‘देवाच्या कोकरा’) यांवर काम. सांक्तुस अपेक्षेपेक्षा गंभीर आणि खालच्या पट्टीतला आहे. ‘पवित्र, पवित्र’ म्हणताना उंच स्वरांची सवय झालेल्या वृंदाला तो आवाज सापडायला वेळ लागेल.

३० मार्च २०२५, रविवार

उच्चारांचा आणि ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’चा दिवस. चर्चच्या लॅटिनमध्ये ए आणि इ पूर्वीचा ‘च’ हा चिमणीतला ‘च’ आहे, चाकातला नव्हे. ‘पाचेम’मध्ये अर्धा वृंद चाकाच्या ‘च’कडे जात होता. ‘आग्नुस’मध्ये ‘ग्न’ वेगळे न तोडता ‘आन्युस’कडे झुकणारा उच्चार करायचा. १९६० पूर्वीची मिस्सा आठवणाऱ्या दोन आजी सरावाला येऊन बसल्या होत्या आणि त्यांनी या बाबतीत कोणालाही सूट दिली नाही.

‘वेनी’ची रचना मला या मिस्सेचे हृदय वाटते. मध्ययुगातील हे पद बहुधा कॅन्टरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांचे मानले जाते. त्यात दहा कडवी आहेत, प्रत्येक कडव्यात तीन चरण, प्रत्येक चरणात सात अक्षरे आणि प्रत्येक कडव्याचा शेवट एकाच यमकावर. मोठ्या अभंगातील सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा क्रम ज्यांच्या अंगात मुरलेला आहे त्यांना सात अक्षरांचा चरण मोजावा लागत नाही, तो आपोआप पुरा होतो. पॅर्ट यांनी येथे धरून ठेवलेल्या लांब स्वरावर सुरावट सोडली आहे. बास गायकांना वाटले की आपल्याला काहीच काम नाही. खरे तर सर्वांत अवघड काम त्यांचेच आहे : एक स्वर न वाढवता, न घसरू देता धरायचा आणि श्वास पाळीपाळीने असा घ्यायचा की सांधा कळू नये. आज घसरण साधारण पाव स्वराएवढी झाली. ती कमी होत जाईल, कारण भजनात टाळांच्या गजरातही सूर धरणारे दोन आवाज आपल्याकडे आहेत आणि बाकीचे त्यांच्याकडे कान लावून गाऊ लागले आहेत.

१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार

या आठवड्यात सराव नाही. पवित्र आठवड्याच्या उपासनेला वृंदाचा सगळा वेळ.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, निधन झाले. आज संध्याकाळी त्यांच्यासाठी मिस्सा होती. फादरांच्या विनंतीवरून प्रारंभी ‘बर्लिनर मेसे’तील कीरीए गायले, १९९० च्या मूळ लेखनाप्रमाणे साथीला फक्त ऑर्गनचा आवाज होता, आणि आमच्याकडे तो कीबोर्डवरच काढावा लागला. वृंदाने ही रचना प्रथमच लोकांसमोर गायली, आणि ती सभेत नव्हे तर उपासनेत गायली गेली, याला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. सरावात जे सांगून होत नव्हते ते आज झाले : वाक्य संपल्यावरची शांतता कोणी घाईने भरून काढली नाही.

४ मे २०२५, रविवार

तंतुवाद्यांचा पहिला स्वतंत्र सराव. पश्चिम रेल्वेवर रविवारचा ब्लॉक होता, त्यामुळे मुंबईचे वादक उशिरा पोहोचले. चेलो घेऊन विरार लोकलमध्ये चढणे रविवारीही सोपे नसते.

वादकांना सर्वांत आधी स्वर थरथरवण्याची सवय सोडायला सांगितले. कंप घेतला की त्रिस्वर धूसर होतो आणि गायकांनी कमावलेला गंधार वाया जातो. मग कमान, म्हणजे वाद्य वाजवायचा गज. या संगीतात कमानीचा वेग जवळजवळ बदलत नाही. स्वर सुरू होताना धक्का नाही आणि संपताना फुगवटा नाही. चित्रपटगीतांच्या साथीत ज्यांचा हात तयार झाला आहे त्यांना हे प्रथम कोरडे वाटले. तासाभराने त्यांच्यापैकीच एका ज्येष्ठ वादकांनी सांगितले की इतक्या कमी स्वरांत लपायला जागाच नाही. माझेही निरीक्षण तेच आहे. दोन शेजारच्या स्वरांची टक्कर येते, तेथे वादक बिचकून आवाज कमी करतात. ती टक्कर पॅर्ट यांच्या नियमातूनच जन्मते आणि तिच्यामुळे पुढचा शुद्ध त्रिस्वर उजळतो. ती पूर्ण आवाजात, न लाजता वाजली पाहिजे.

११ मे २०२५, रविवार

चर्चमध्ये गायक आणि वाद्ये प्रथमच एकत्र. आजच्या नोंदीत मुख्य विषय शांतता हाच आहे.

स्वरलिपीत विराम मोजून लिहिलेले आहेत आणि त्यांत सभागृहाचा प्रतिध्वनी वाजतो, असे समजूनच ते लिहिलेले आहेत. सेंट हेडविग हे घुमटाचे कॅथेड्रल आहे. आमचे चर्च कौलारू, लाकडी छताचे आणि दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्यांचे आहे, म्हणजे आवाज बाहेर जाण्याची सर्व सोय आहे. शिवाय पंखे. मे महिन्याच्या दुपारी छताचे पंखे चालू असताना कीरीएच्या विरामांत फक्त पंखेच ऐकू येतात. पंखे बंद केले तर कपाळाचा घाम व्हायोलिनवर पडतो.

बऱ्याच चर्चेनंतर व्यवस्था अशी ठरली. कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला सुरू होईल, सूर्य मावळल्यावर. रस्त्याकडच्या खिडक्या बंद आणि वाडीकडच्या उघड्या राहतील. केळीच्या बागेतून येणारा आवाज रातकिड्यांचा असतो, दुचाकींचा नसतो. मराठी वाचनाच्या वेळी पंखे चालतील आणि प्रत्येक भाग सुरू होण्याआधी बंद होतील. मोठे पंखे थांबायला वेळ घेतात, म्हणून वाचनाचे शेवटचे वाक्य सुरू होतानाच बटण बंद करायचे; हे काम करणाऱ्या मुलाच्या हाती वाचनाची प्रत द्यायची. गायक वेदीच्या पायऱ्यांवर, भिंतीला जवळ; पाठीमागची दगडी भिंत आवाज परत देते.

विरामात हात कसा ठेवायचा याचाही विचार केला. ठोके दाखवत राहिले तर गायक ठोके मोजतात आणि शांतता नुसती प्रतीक्षा बनते. हात स्थिर ठेवला तर ते प्रतिध्वनी विझताना ऐकतात. यापुढे हात स्थिर.

२६ मे २०२५, सोमवार

मान्सून आज मुंबईत दाखल झाला. नोंदींच्या इतिहासात इतक्या लवकर तो आलेला नाही. आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा हिशेब धरून तारीख घेतली होती. काल सायंकाळपासून वसईत जोरदार पाऊस आहे आणि तंतुवाद्यांवर परिणाम लगेच दिसला. दमट हवेत कमानीचे केस ओलावा शोषून लांबतात आणि सैल पडतात, लाकडी खुंट्या फुगून जखडतात, आणि तारा दर काही मिनिटांनी बेसूर होतात. खुंट्यांना ग्रॅफाइट लावले, सगळ्यांना वाद्यपेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला सांगितले. कार्यक्रमात प्रत्येक वाचनाच्या वेळी हलक्या आवाजात वाद्ये जुळवून घेण्याची मुभा दिली. पावसाचा आवाज कौलांवर पडतो तेव्हा आग्नुस देईतील सर्वांत हळू जागा हरवतात, आणि त्यावर कोणताही उपाय नाही.

१ जून २०२५, रविवार

आजपासून मासेमारी बंदी, त्यामुळे अर्नाळा आणि पाचूबंदरचे बास व टेनर गायक सगळे हजर. वसंतभर ते येतील तसे येत होते. आता ‘वेनी’चा धरलेला स्वर पहिल्यांदा पूर्ण भरदार ऐकू आला. घसरण जवळजवळ नाही. दोन्ही आलेलुया पूर्ण तयार. क्रेडोमध्ये शेवटच्या दोन पानांवर वेग वाढतो, तो चेलोंनी आवरायचा.

७ जून २०२५, शनिवार

कार्यक्रम झाला. दुपारी पाऊस होता, साडेसातच्या सुमारास उघडला. कीरीएमध्ये पहिले दोन विराम लोकांच्या खोकण्याने भरले, तिसऱ्यापासून चर्च शांत झाले. ग्लोरिया सरावापेक्षा किंचित जड. क्रेडो उत्तम, अल्टोंचा गंधार इतका स्थिर होता की व्हायोलिनवादकांनी आपली बोटे त्याच्याशी जुळवून घेतली. ‘वेनी’च्या सातव्या कडव्यानंतर बास गायकांचा सांधा एकदा ऐकू आला. आग्नुस देई चालू असताना पावसाची एक लहान सर येऊन गेली आणि गायकांनी आवाज न चढवता ती जाऊ दिली. पुस्तिका कमी पडल्या. शेजारच्या बाकांवर एकमेकांत वाटून वाचल्या गेल्या.

लॅटिनला हरकत घेणाऱ्या परिषद सदस्यांपैकी एक जण नंतर मुद्दाम येऊन भेटले. त्यांचे म्हणणे असे की वाचन ऐकून मग गायन ऐकल्यावर शब्द कळत होते, पण पवित्र आत्म्याचे ते पद मराठीत गाता आले तर अधिक चांगले. मला हे योग्य वाटते, परंतु पॅर्ट यांचे स्वर लॅटिनच्या अक्षरांवर बेतलेले असल्याने त्यांवर मराठी शब्द बसवता येणार नाहीत. सात अक्षरी चरणांचे मराठी पद आणि त्यासाठी नवी सुरावट, असे ते स्वतंत्र काम आहे.

१५ जून २०२५, रविवार

वाद्यप्रती परत पाठवण्याची तयारी. कमानीच्या खुणा आणि विरामांच्या सूचना आधी आमच्या वहीत उतरवून घेतल्या, मग प्रतींवरचे पेन्सिलचे लेखन पुसले. गायकांच्या प्रती विकत घेतलेल्या असल्यामुळे त्या खुणांसह कपाटात राहतील. तानपुरा ज्येष्ठ गायकांनी सभागृहातच ठेवायला सांगितला आहे, आणि पुढील महिन्यापासून रविवारच्या मराठी गीतांचा सरावही कीबोर्डआधी त्याच्यावर करायचा, असे वृंदाने ठरवले आहे. ऑर्गन आवृत्तीतील कीरीए आणि आग्नुस देई नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणदिनी घ्यायचे आहेत; त्यासाठी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बैठक.